दारचा मटार : कोणता वाण लावावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला वेळ वीस मिनिटांचा दिला आहे आणि विषयही त्यांनीच दिला आहे. "तुमच्या गच्चीवर दरवर्षी मटार येतो, तर कोणते बी लावावे म्हणजे दाणा गोड निघेल, तेवढे सांगा," असे त्या म्हणाल्या. विषय लहान दिसतो खरा, पण मागच्या वार्षिक सभेत सर्वांनी मिळून एकच बी घाऊक आणावे अशी सूचना आली होती ती आपल्याला आठवत असेल. कोणते बी आणावे यावर बरीच चर्चा झाली, प्रत्येकीचे मत निराळे पडले, आणि तेवढ्यात चहा आला म्हणून सभा संपली. तो अर्धवट राहिलेला प्रश्न आज पुरा करावा, एवढाच माझा हेतू आहे.

आधी एका आक्षेपाला उत्तर देते. थंडीत मंडईत मटारचे डोंगर लागतात. दर उतरतो. आपण पिशव्या भरभरून आणतो, दुपारभर सोलत बसतो आणि वर्षाची बेगमी म्हणून फ्रीझर भरून ठेवतो. मग कुंडीतले मूठभर दाणे कशाला, असे मला माझ्या घरातच विचारले गेले आहे. हिशेबाने पाहिले तर विचारणाराचे बरोबर आहे. आमच्या गच्चीवर अर्केल जातीच्या एका रोपाला आठ-दहा शेंगा लागतात. शेंगेत सहा-सात दाणे. म्हणजे एका रोपामागे साठ-सत्तर दाणे, फार तर पाव वाटी. चार माणसांच्या उसळीला चारशे ग्रॅम दाणे धरले तर बारा-पंधरा रोपे एकाच दिवशी रिकामी करावी लागतील, आणि शेंगा काही एका दिवशी तयार होत नाहीत. तेव्हा उसळ, करंज्या, मटारभात यांसाठी बाजारच बरा. कुंडीतल्या मटारने घरखर्च वाचतो असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

घरी मटार लावायचा तो केवळ चवीसाठी. ही गोष्ट एकदा पक्की झाली म्हणजे वाण निवडणे सोपे होते. बाजारासाठी मटार पिकवणाराला शेंग मोठी हवी, साल जाड हवी, प्रवासात टिकणारी हवी आणि सगळा माल एकदम निघायला हवा. आपल्याला यातले काहीच नको. आपल्याला कच्चा दाणा तोंडात टाकल्यावर गोड लागायला हवा, आणि तोही महिना-दीड महिना थोडा थोडा मिळायला हवा.

बाजारचा मटार गोड का लागत नाही, याचे कारण आधी समजून घेऊ. शेंग तोडली तरी आतला दाणा जिवंत असतो. त्याचे काम चालूच राहते. आतली काही साखर तो स्वतःच्या जगण्यासाठी खर्च करतो आणि काही साखरेचा तो स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग, करतो. हवा जितकी उबदार तितके हे काम लवकर होते. थंडीत पुण्यास येणारा पुष्कळसा मटार मध्य प्रदेशातून, जबलपूरकडून येतो. शेतात तोडणी, पोत्यात भरणी, ट्रकचा प्रवास, मार्केट यार्ड, तेथून मंडई, तेथून हातगाडी, आणि मग आपले स्वयंपाकघर. इतक्या वेळात त्याची गोडी कमी झाली तर त्यात विकणाराचा काय दोष? पावसाळ्यात येतो तो आपल्या पुरंदरचा, सासवड-दिवे घाटाकडचा. तो जवळचा असल्यामुळे त्याची चव निराळी लागते. जुलै-ऑगस्टात सकाळी आलेला पुरंदरचा मटार ज्यांनी खाल्ला आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

आणि आपल्या घरांतही तो पटकन तोंडात जात नाही. आज आणला, उद्या सोलला, परवा शिजवला. सोलताना चार दाणे तोंडात टाकावेत तर "सोलणारीच्याच पोटात निम्मा गेला" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. उसळ झाली की पहिली पंगत मुलांची आणि पुरुषमाणसांची. आपल्या ताटात पातेल्याच्या तळचा रस्सा आणि मोजके दाणे. मटारला चव आहे ही गोष्ट आपण ऐकून मान्य केलेली आहे. म्हणून मी म्हणते, जी पाणी घालते तिने पहिली शेंग झाडापाशी उभी राहून खावी. कोणाला विचारू नये.

आता वाणांकडे वळते. बी घेताना एकच खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे. वाळलेले बी गोल, गुळगुळीत आहे की सुरकुतलेले आहे ते पाहावे. सुरकुतलेले बी गोड मटारचे. गोल बी पिठूळ मटारचे. वयाबरोबर सुरकुत्या पडल्या म्हणजे गोडी संपली असे समजणारांनी मटारचे हे उदाहरण ध्यानात घ्यावे!

ही माझ्या पदरची गोष्ट नाही. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मेंडेल नावाच्या धर्मगुरूची हकिगत आहे. हल्लीच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नो गावी एका मठात तो राहत असे आणि १८५६ सालापासून सात-आठ वर्षे मठाच्या बागेत त्याने मटार लावून पाहिला. गोल दाण्याचे आणि सुरकुतलेल्या दाण्याचे झाड यांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्यांचे बी पुन्हा लावले तेव्हा ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे तिनास एक. सात हजारांवर दाणे एकेक करून मोजणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला आदर वाटायला हरकत नाही. तांदूळ निवडणारीला ते काम किती चिकाटीचे ते ठाऊक आहे. १८६६ साली त्याने हे छापले, पण त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. सुरकुती का पडते ते मात्र १९९० साली इंग्लंडातल्या नॉरिच येथील शास्त्रज्ञांनी उलगडले. साखरेचा स्टार्च बनवण्याच्या कामातला एक घटक त्या दाण्यात बिघडलेला असतो. त्यामुळे स्टार्च कमी होतो आणि साखर शिल्लक राहते. साखर जास्त म्हणून दाणा पाणीही जास्त धरतो, आणि वाळताना ते पाणी गेले की साल सैल पडून सुरकुतते.

यावरून एक गोष्ट ओघानेच निघते. वाण्याकडचे पांढरे वाटाणे पेरू नयेत. आपल्यापैकी पुष्कळजणी डब्यातले मूठभर वाटाणे काढून कुंडीत टोचतात. ते उगवतात, वेलही होतो, पण ती जात गोल दाण्याची, रगड्यासाठी आणि उसळीसाठी वाळवून ठेवायची. कॅनडासारख्या दूरच्या देशांतूनही ती आपल्याकडे आलेली आहे. तिचा ओला दाणा गोड कसा लागेल? कोकणातल्या आपल्या मैत्रिणींचा काळा वाटाणाही असाच. त्याचे सांबारे आंबोळीबरोबर खावे, त्यासारखे दुसरे काही नाही. पण तो हिरवा खाण्यासाठी नव्हे.

आमच्या गच्चीवर गेल्या पाच-सहा वर्षांत जे वाण लावून झाले त्यांच्याबद्दल सांगते.

अर्केल हा परदेशातून आलेला, पण आता इथलाच होऊन गेलेला वाण आहे. रोप बुटके, जेमतेम हात-दीड हात. फूल पांढरे, शेंग कोयत्यासारखी जरा वाकलेली. पेरल्यापासून पंचावन्न-साठ दिवसांत पहिली शेंग मिळते, म्हणून ज्यांना धीर नाही त्यांनी हाच लावावा. दाणा सुरकुतलेला आणि चवीला गोड. एकच गोष्ट सांभाळायची. त्याची वेळ फार थोडी असते. शेंग भरली आणि दोन-तीन दिवस राहिली की दाणा पिठूळ झालाच. नोकरी करणाऱ्या आणि आठवड्याने गच्चीवर जाणाऱ्या मैत्रिणीला अर्केल गोड वाटणार नाही, आणि ती बियाला नावे ठेवील.

बोनव्हिला हा अमेरिकेकडचा. अर्केलपेक्षा उंच वाढतो, आधार लागतो. शेंगा बहुधा जोडीने लागतात. पहिली शेंग यायला ऐंशी-पंच्याऐंशी दिवस लागतात. माझ्या जिभेला यासारखा दाणा दुसरा नाही. अर्केलची गोडी साखरेसारखी सरळ आहे, बोनव्हिलाच्या गोडीत हिरव्या हरभऱ्याचा वास मिसळलेला असतो. पण याला भुरी फार लवकर लागते. जानेवारीत दिवसा कोरडे ऊन आणि पहाटे दव अशी हवा पडली की पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे दिसू लागते आणि आठ-दहा दिवसांत वेल वाळतो.

ही भुरी टाळण्यासाठी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने आर्का अजित नावाचा वाण काढला. त्यात बोनव्हिलाचे रक्त आहे. भुरीला आणि तांबेऱ्याला तो दाद देत नाही. शेंग भरघोस, दाणे मोठे, आणि तयार व्हायला पंच्याऐंशी-नव्वद दिवस. गोडी बोनव्हिलापेक्षा एक पायरी खाली, असे मी म्हणेन. काही मैत्रिणींना ते मान्य नाही.

जीएस-१० या नावाने जे बी दुकानात हल्ली सर्रास मिळते ते पुष्कळ शेतकरी लावतात. शेंग लांब, आत आठ-दहा दाणे, दिसायला देखणी. सोलायला काम कमी पडते हा त्याचा मोठा गुण. गोडही आहे. पण मला विचाराल तर त्याची साल जरा जाड, आणि कच्चा खाताना दातांना ती जाणवते.

आणखी एक निराळा प्रकार आहे, तो सालीसकट खायचा. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचा 'मिठी फली' हा वाण त्यातला. आपण मटारच्या सालींची भाजी करतो तेव्हा सालीच्या आतली कागदासारखी पातळ पडदी ओढून काढावी लागते, नाहीतर ती घशात अडकते. या जातीत ती पडदीच नसते. देठ मोडावा, कडेची शीर ओढावी आणि अख्खी शेंग खावी. जागा थोडी असेल तर मी हाच लावायला सांगेन, कारण दाण्याबरोबर सालही पोटात जाते, टाकायचे काही उरत नाही. लहान मुलांना तर हा फारच आवडतो. बी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा मिळत नाही, मागवावे लागते.

आता चवीची परीक्षा आम्ही कशी घेतली ते सांगते, कारण वाणाचे नाव ऐकून चव ठरवणे बरे नव्हे. मागच्या जानेवारीत संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात सहाजणी आमच्या गच्चीवर जमलो. अर्केल उशिरा पेरलेला होता म्हणून चारही वाण एकाच वेळी हाताशी आले. मुलीने शेंगा तोडल्या, सोलल्या आणि चार वाट्यांत घातल्या. वाटीखाली चिठ्ठी. कोणाला नाव सांगितले नाही. प्रत्येक वाटीतले पाच दाणे खायचे, मध्ये घोटभर पाणी प्यायचे आणि कोणता आवडला ते सांगायचे.

पहिल्या फेरीला काय झाले असेल? सहाजणींनी सांगितले, "सगळेच छान आहेत." आपल्याला सवयच तशी आहे. वाढलेले चांगले म्हणायचे, आणि आपल्या हातचे असेल तर दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहायचे. मी म्हटले, असे चालणार नाही, एक वाटी नापास करा. तेव्हा शेजारच्या काकू, ज्यांनी चाळीस वर्षे सासरच्या आवडीने स्वयंपाक केला आणि ज्यांच्या तोंडून 'मला नको' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता, त्यांनी तिसरी वाटी बाजूला सारली. म्हणाल्या, "हा मला आवडला नाही. साल चावते." मग एकेकीला कंठ फुटला. एक म्हणाली पहिला फार गोड, दोन दाण्यांवर खाववत नाही. दुसरीला नेमका तोच हवा होता. अर्धा तास वाद चालला, आणि मला तो वाद मटारपेक्षा गोड वाटला.

निकाल असा लागला. कच्चा खाण्यात तिघींनी बोनव्हिला पहिला ठरवला, दोघींनी अर्केल, एकीने आर्का अजित. काकूंनी बाजूला सारलेली वाटी जीएस-१० ची होती. तेच दाणे नुसत्या जिऱ्याच्या फोडणीवर दोन मिनिटे परतून दिले तेव्हा क्रम बदलला. अर्केल मऊ पडला, आर्का अजित आणि जीएस-१० तजेलदार राहिले, आणि काकूंनीच त्या तिसऱ्या वाटीतले पुन्हा मागून घेतले. म्हणजे कच्चा खायला एक आणि शिजवायला दुसरा. मटार-उसळीच्या रश्श्याला दाटपणा हवा असेल तर थोडा जून झालेला, पिठूळ दाणाच बरा; कोवळ्या गोड दाण्यांच्या उसळीचे पाणी होते. सासूबाई उसळीत नेहमी चार जून शेंगा मुद्दाम घालीत, त्याचे कारण मला तेव्हा कळले.

म्हणून सर्वांनी मिळून एकच बी आणावे ही सूचना मला मान्य नाही. कारण जिभा एक नाहीत आणि गच्च्याही एक नाहीत. पूर्वेकडची गच्ची, सकाळचे ऊन लवकर येते आणि दव लवकर वाळते, तेथे बोनव्हिला लावून पाहावा. चोहोकडून इमारती, दमट कोपरा, तेथे आर्का अजितवाचून गती नाही. नुसती खिडकीची जाळी असेल आणि निदान चार तास ऊन मिळत असेल तर अर्केल किंवा मिठी फलीची पाच-सहा रोपे. चार तासांपेक्षा कमी ऊन असेल तर मटारच्या नादी लागू नये, मेथी लावावी.

लागवडीचे थोडक्यात सांगते, कारण त्यातले पुष्कळ आपल्याला ठाऊक आहे. मटारला थंडी हवी. फुलावर असताना ऊन तापले तर फुले गळतात आणि दाणा गोड होत नाही. आपल्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरावे. अर्केल, बोनव्हिला आणि आर्का अजित एकाच दिवशी पेरले तरी ते पाठोपाठ येतात. डिसेंबरअखेर अर्केल, मग भोगीच्या भाजीला थोडा अर्केल, थोडा बोनव्हिला, आणि जानेवारी सरताना अजित. भोगीच्या भाजीत घरचे दहा दाणे असले तरी त्या भाजीचा मान वाढतो.

कुंडी वीतभर तरी खोल असावी, दीड वीत असेल तर उत्तम. फळांचे जुने क्रेट आत पोते घालून वापरले तरी चालते. बी चार-सहा तास भिजवून बोटाच्या एका पेराइतके खोल आणि चार बोटांच्या अंतराने टोचावे. रोप उपटून दुसरीकडे लावू नये, मटारला ते सोसत नाही. शेणखत चांगले कुजलेले घालावे. युरिया घालू नये, नुसता पाला माजतो; मटारच्या मुळांवरच्या गाठी स्वतःच हवेतले नत्र धरून आणतात. फुले आल्यावर आणि शेंगा भरताना पाण्याची ओढ पडू देऊ नये. आधाराला तुराट्या सगळ्यांत बऱ्या, वेलाचे तंतू त्यांना चांगले धरतात. कबुतरे कोवळे कोंब खुडतात, तेव्हा पहिले पंधरा दिवस वर जुनी जाळी टाकावी.

दुकानातल्या बियांबद्दल एक गोष्ट मात्र ठासून सांगते. ते बी पुष्कळदा गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे असते. तो रंग शोभेचा नाही, बुरशी लागू नये म्हणून लावलेले ते विषारी औषध आहे. पेरून उरलेले बी भिजवून उसळ करू नये, पाखरांना घालू नये, आणि मुलांच्या हाती पाकीट देऊ नये. रंगीत वाटाणे पाहून लहान मूल खेळायला घेणारच. पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

तोडणीची वेळ वाणाइतकीच महत्त्वाची आहे. फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी शेंग भरते. बोटांनी दाबून पाहावे. आत दाणे गोल लागावेत पण एकमेकांना चिकटून दाटी झालेली नसावी, आणि शेंगेची साल चकचकीत हिरवी असावी. चकाकी जाऊन सालीवर जाळीसारख्या शिरा दिसू लागल्या की वेळ टळली. ती शेंग उसळीच्या वाटीत. एका हाताने वेल धरून दुसऱ्याने शेंग तोडावी, ओढाओढी केली तर सगळा वेल उपटून येतो. दर दोन दिवसांनी तोडावे. झाडावर दोन शेंगा जून होऊ दिल्या की झाडाला वाटते आपले काम संपले, आणि ते नवे फूल धरत नाही.

तोडलेल्या शेंगा त्या दिवशी खाता आल्या नाहीत तर न सोलता फ्रीजमध्ये ठेवाव्यात, तेथे साखर सावकाश उतरते. बाजारचा मटार वर्षासाठी साठवताना तोही आणल्या दिवशीच सोलून उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे बुडवावा, लगेच गार पाण्यात काढावा, निथळून फ्रीझरमध्ये ठेवावा. या उकळीने दाण्याचे आतले काम थांबते आणि होती तेवढी गोडी राहते. हिरवा रंग टिकावा म्हणून पाण्यात सोडा घालतात, तो घालू नये. दाणा गिळगिळीत होतो आणि त्यातले क जीवनसत्त्व जाते.

शेवटी बियांविषयी, आणि माझा खरा आग्रह येथे आहे. मटारचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत फळते, त्यामुळे शेजारी दुसरा वाण असला तरी बी सहसा मिसळत नाही. वर सांगितलेले सगळे वाण सरळ आहेत, संकरित नाहीत. म्हणजे एकदा चांगले बी मिळाले की दरवर्षी पाकीट विकत घेण्याचे कारण नाही. पण आपण बी कसे ठेवतो? पहिल्या भरदार शेंगा खातो, आणि मार्चमध्ये वेल वाळताना ज्या किडक्या-मुरडलेल्या चार शेंगा उरतात त्या बियाला ठेवतो. असे तीन वर्षे केले की म्हणायचे, "आता पूर्वीसारखा मटार येत नाही." पूर्वीसारखा यावा कसा? पहिल्या बहरातच सगळ्यांत गोड आणि निरोगी असे दोन वेल निवडावेत, त्यांना लाल दोरा बांधावा आणि त्यांच्या शेंगांना घरातल्या कोणीही हात लावू नये. एक शेंग चवीला खाऊन पाहावी, बाकीच्या वेलावरच वाळू द्याव्यात. घरात याबद्दल कुरकुर होते, होऊ द्यावी. वाळलेले बी दातांखाली कडक लागले म्हणजे ते पुरते वाळले. मग कागदी पुड्यात, पुडा घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि ती बरणी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवून काढावी, म्हणजे आतल्या भुंग्यांचा बंदोबस्त होतो. पुड्यावर वाणाचे नाव आणि साल लिहिल्याशिवाय ठेवू नये.

माझी सूचना अशी की एका घराने एकच वाण सांभाळावा. मार्चमध्ये बी वाळून तयार होते आणि चैत्रात आपल्याकडे हळदीकुंकू असते. हरभऱ्यांच्या ओटीबरोबर दहा-दहा दाण्यांचे पुडे वाटले तर एका वर्षात प्रत्येक घरी चारही वाण पोचतील आणि जिला जो आवडेल तो ती ठेवील. त्यासाठी घाऊक खरेदीची वर्गणी काढण्याची गरज राहणार नाही.

या वर्षापुरते पुडे मी आणले आहेत, ते चहाच्या टेबलाशेजारी ताटात आहेत. बी घरचे आहे, औषध लावलेले नाही. प्रत्येक पुड्यात पंधरा दाणे आहेत. पुडा घेताना शेजारच्या वहीत नाव आणि वाण लिहावा, म्हणजे चैत्रात कोणाकडे काय मागायचे ते कळेल. बोनव्हिलाचे पुडे सातच आहेत. ते ज्यांची गच्ची पूर्वेकडे आहे त्यांनी घ्यावेत अशी विनंती आहे.